कनेक्शन ठीक आहे

१२ ऑगस्ट

बाबा,

‘तीर्थरूप’ लिहावं की नुसतं ‘बाबा’, या विचारात कपातला चहा निवला. शेवटी नुसतंच लिहिलं. राग मानू नका.

आज एक अर्ज भरत होते. त्यात वडिलांचा व्यवसाय विचारला होता. मी ‘धरणावर नोकरी’ असं लिहिलं आणि तिथेच अडले. तुम्ही अजून त्या वीजकेंद्रातच आहात का, टर्बाइनवरच आहात की आता साहेब झालात, मला काहीच ठाऊक नाही. आईला विचारलं. ती दुकानात गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध देत होती. म्हणाली, “मला काय माहीत? पत्ता आहे ना तुझ्याकडे, विचार की त्यांनाच.” म्हणून हे पत्र.

शाळा संपली तेव्हा तुम्ही मला लिहिलं होतंत, ‘ज्यात फार बोलावं लागत नाही अशी लाइन घे. यंत्रं प्रश्न विचारत नाहीत.’ त्यानंतर मी तुम्हाला लिहिणं सोडलं. तुम्ही घर सोडून गेलात तेव्हा जेवढं लागलं नव्हतं, तेवढं ते वाक्य लागलं. त्यावर आता भांडायला बसलेले नाही. फक्त कळवते, की मी तुमचं ऐकलं नाही. कॉमर्सला गेले, त्यात फायनान्स घेतलं, आणि यंदा शेवटचं वर्ष आहे. बोलताना अडखळणं आहे तसंच आहे. वर्गात मला ‘बफरिंग’ म्हणतात. प्रेमाने म्हणतात, असं मी धरून चालते.

अर्ज बिझनेस स्कूलचा आहे. एरवी तिथे चार-पाच वर्षं नोकरी केलेली माणसं जातात. पण काही ठिकाणी कॉलेजच्या शेवटच्या वर्षातच अर्ज करता येतो. निवड झाली तर ते तुमची जागा राखून ठेवतात. मधली दोनेक वर्षं नोकरी करायची, चार टक्केटोणपे खायचे, आणि मग जायचं. आईला हे समजावून सांगितलं तर म्हणाली, “म्हणजे रुमाल टाकून सीट धरायची, असंच ना?” इतक्या मोठ्या संस्थेच्या माहितीपत्रकातही इतकं सोपं करून सांगितलेलं नाही.

आधी परीक्षा, मग निबंध, शिफारसपत्रं. आणि सगळ्यात शेवटी मुलाखत. तो शब्द म्हणतानाही मी अडते. तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तुमचं कसं चाललंय, तेवढं कळवा.


२० सप्टेंबर

बाबा,

तुमचं पत्र आलं. सहा ओळींचं का होईना, आलं. आता तुम्ही कंट्रोल रूमला असता, गुडघा दुखतो आणि तिकडे संध्याकाळी वाऱ्याने दारं आपटतात, एवढं कळलं. गुडघ्याचं आईला सांगितलं. तिने काही न विचारता एक मलम काढून ठेवलं आहे, ते सोबत पाठवते. सकाळ-संध्याकाळ लावायचं, चोळायचं नाही, असं तिने तीनदा सांगितलं. तुम्हाला तिची सवय ठाऊक आहेच.

तुम्ही विचारलंत, ‘फायनान्सच का?’ 

आईच्या दुकानाला लागून एक गाळा होता, आठवतो? तिथे एक बाई कंबरेचे आणि मानेचे पट्टे शिवायच्या. आम्ही त्यांना पट्टेवाल्या काकू म्हणायचो. त्यांचं शिवणकाम इतकं पक्कं होतं, की मोठमोठी हॉस्पिटलं त्यांच्याकडून माल घ्यायची. मी बारावीत असताना त्यांनी गाळा बंद केला. हातात ऑर्डरी होत्या, चार बायका कामाला होत्या, आणि तरी बंद. मला ते कळेचना. धंदा बुडतो म्हणजे गिऱ्हाईक नसतं, एवढंच माझं ज्ञान. काकू म्हणाल्या, “अगं, विकलं जातं गं सगळं. पण पैसे यायला सहा-सहा महिने. तोवर कापडवाला थांबत नाही, आणि बायकांच्या घरची चूल तरी कशी थांबेल?”

पुढे कॉलेजात सरांनी खेळतं भांडवल शिकवायला घेतलं, तेव्हा वर्गातली अर्धी मुलं जांभया देत होती आणि मला काकूंचा गाळा दिसत होता. अशा छोट्या कारखानदारांना त्यांच्या बिलांवर तात्पुरता पैसा पुरवणाऱ्या कंपन्या असतात. मला ते काम शिकायचंय, आणि पुढेमागे स्वतः करायचंय. त्यासाठी हे सगळं.

अभ्यास जोरात आहे. बरोबर माझी एक मैत्रीण आहे, तिला सगळे एक्स्प्रेस म्हणतात, कारण ती तोंड उघडलं की मधल्या स्टेशनांवर थांबत नाही. तिची आणि माझी सरासरी काढली, तर एक नॉर्मल माणूस निघतो, असं सर म्हणतात. दुकानाच्या मागच्या खोलीत, सलाइनच्या खोक्यांवर पुस्तकं मांडून आम्ही बसतो.


१ डिसेंबर

बाबा,

परीक्षा झाली. चांगली झाली. चांगली म्हणजे, एक्स्प्रेसने माझे मार्क बघून मला पाठीत असा धपाटा घातला की अजून हुळहुळतंय. तिचे थोडे कमी आले. ती एक दिवस फुगून बसली आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी दुसऱ्या एका बिझनेस स्कूलची सगळी माहिती काढून घेऊन आली. “एकाच ठिकाणी अर्ज करणारी तू कोण मोठी लागून गेलीस?” असं म्हणाली. आता दोन ठिकाणी अर्ज करणार आहे. 

आईनेही जमेल तेवढी रजा मला दिली, म्हणजे दुकानात मदतीला बोलावलं नाही. स्टॉक मोजायच्या दिवशीसुद्धा हाक मारली नाही. मी खाली गेले तर म्हणाली, “वर जा. इथं गोळ्या मोजायला मी आहे.”

तुमचं मलम संपलं का? दुसरं पाठवते.


९ फेब्रुवारी

बाबा,

निबंधांनी जीव खाल्ला आहे. ‘तुम्ही कोण आहात आणि आजवर तुम्हाला कशाने घडवलं?’ असा प्रश्न आहे. मी पट्टेवाल्या काकूंवर झकास लिहिलं. आकडे, तक्ते, छोट्या उद्योगांची येणी किती दिवसांनी वसूल होतात त्याचा अभ्यास, सगळं. सरांनी वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते चष्मा काढतात तेव्हा काही खरं नसतं.

म्हणाले, “हा निबंध आहे की कंपनीचा वार्षिक अहवाल? सगळं कसं नफ्यात. यात काकू आहेत, कापडवाला आहे, हॉस्पिटलं आहेत. तू कुठे आहेस?”

मी म्हटलं, “मी ल-लिहिणारी आहे.”

“ते झालंच. पण गेल्या उन्हाळ्यात तू त्या कर्ज देणाऱ्या कंपनीत शिकायला होतीस. तिथे पहिल्या आठवड्यात काय झालं होतं? मला सांगितलं होतंस ते.”

बाबा, ते तुम्हाला सांगितलेलं नाही. तिथे मला कारखानदारांना फोन करून बिलांची खातरजमा करायचं काम दिलं होतं. पहिल्या फोनला मी कंपनीच्या नावावरच अडकले, आणि पलीकडच्या माणसाने फोन ठेवून दिला. दुसऱ्यानेही ठेवला. मी जिन्यात जाऊन बसले. घरी निघून जायचंच ठरवलं होतं. मग वाटलं, फोनवर नाही तर नाही. वरिष्ठांना विचारलं आणि बस पकडून थेट त्या दुसऱ्या माणसाच्या वर्कशॉपला गेले. तो बिजागऱ्या बनवायचा. मी उभ्याउभ्या अडखळत विचारलं, त्याने मशीन बंद केलं आणि बसायला स्टूल दिलं. पुढचे दोन महिने मी अशीच फिरले. ज्यांच्या नुसत्या बिलावर आम्ही विश्वास ठेवणार होतो, त्यांचे गाळे डोळ्यांनी बघून आले. कंपनीने नंतर सगळ्याच नव्या मुलांना तसं पाठवायला सुरुवात केली.

सर म्हणाले, “हे लिही. अडखळण्यासकट लिही.”

मला प्रश्न पडलाय. ते वाचून कोणी कीव केली तर? दुसऱ्या कोणाला विचारू? हे कळणारं माणूस मला एकच माहीत आहे. तुम्ही सांगा.


२१ फेब्रुवारी

बाबा,

तुमचं उत्तर मिळालं. ‘लिहू नकोस. ज्यांना माहीत नाही त्यांना आपण होऊन कशाला सांगायचं? मुलाखत होईल तेव्हा अवघड शब्द टाळता येतात. मी शिकवीन.’

तुम्ही शिकवाल यात शंकाच नाही. तुम्ही लहानपणी मला हॉटेलात न्यायचात आणि दर वेळी चहा मागवायचात. मला किती वर्षं वाटायचं, तुम्हाला चहा आवडतो. मग एकदा आईने सांगितलं, त्यांना कॉफी आवडते, पण ‘क’ निघत नाही. बाबा, तुम्ही एवढी वर्षं न आवडणारा चहा प्यायलात. मला तसं जगायचं नाही.

तुम्ही अडखळता म्हणून मला कधी वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटायचं, की तुम्ही गप्प बसायचात. घरी फोन वाजला तरी तुम्ही उठत नसायचात. आई तुमचं प्रत्येक वाक्य पुरं करायची आणि तुम्ही ते करू द्यायचात, मग ते तुमचं असो वा नसो. वेगळे झालात तेव्हाही तुमच्या बाजूचं काय होतं, ते मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही. कारण ते फक्त तुम्हीच सांगू शकला असतात.

मी निबंधात लिहिणार आहे. हे पत्र कडू झालंय हे कळतंय मला, तरी पाठवते.


५ मार्च

बाबा,

काल जे झालं ते तुमच्या बाजूने तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या बाजूने काय झालं ते लिहून ठेवते, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

दुपारची वेळ, दुकानात गर्दी. फोन वाजला, आईने उचलला. “हॅलो.” पलीकडे कोणी बोलेना. “हॅलो, कोण बोलतंय?” काही नाही. कोणीतरी चावटपणा करतंय असं वाटून आई ठेवणार, तेवढ्यात तिचा हात थांबला. तिने रिसीव्हर कानाला घट्ट धरला आणि ऐकत राहिली. गिऱ्हाइकं ताटकळली. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, “घे. तुझे बाबा आहेत.”

“काय म्हणाले?”

“अजून काही म्हणाले नाहीत. पण तेच आहेत.”

वेगळं होऊन इतकी वर्षं झाली आणि तिने तुमचं न बोलणं ओळखलं. तुम्हाला हे कळायला हवं, म्हणून लिहिलं.

आणि मग तुम्ही बोललात. “त-त-तुझं पत्र मिळालं. म-म-मुलाखतीची तयारी क-क-करू. प्रश्न मी विचारतो.”

मला हसू आणि रडू एकदम आलं. औषधं घ्यायला आलेले एक आजोबा मला म्हणाले, “काय झालं पोरी, वाईट बातमी का?” मी नुसती मान हलवली. त्यांनी बिचाऱ्यांनी आईला सांत्वनाचे दोन शब्द सांगितले म्हणे.


१७ एप्रिल

बाबा,

अर्ज गेले. निबंध सरांनी पास केला. ‘आता यात तू आहेस’ एवढंच म्हणाले. त्यांच्या शिफारसपत्रात काय आहे ते मला दाखवलं नाही, पण ते लिहायला त्यांनी एक अख्खा रविवार घालवला, असं त्यांच्या बायकोने सांगितलं. 

आपल्या रविवारच्या फोनांबद्दल एक सांगायचं राहिलं. ते फोनवर सांगता आलं नसतं.

तुम्ही मुलाखत घेणारे होता आणि मी उमेदवार. तुम्ही विचारायचात, “द-दोन वर्षं नोकरी कर-करूनच का येत नाहीस? आत्ताच कशाला अर्ज?” आणि तुमचा प्रश्न पुरा होईपर्यंत मी थांबायची. पहिल्या रविवारी माझ्या मनात आलं, जन्मभर मी ज्याला घाबरले ते हेच. समोरच्याला थांबावं लागतं, त्याला त्रास होतो, तो कंटाळतो, असंच मला वाटायचं. पण थांबणारीच्या जागी मी कधी बसलेच नव्हते. आपल्या घरात दोघंच अडखळणारे, आणि काल-परवापर्यंत ते एकमेकांशी बोलत नव्हते.

मला त्रास झाला नाही, बाबा. कंटाळाही आला नाही. तुम्ही काय विचारणार याची उत्सुकता होती, एवढंच. तुम्ही तर शेवटी शेवटी असे खोचक प्रश्न काढायला लागलात, की मीच म्हटलं, वीजकेंद्रातल्या नव्या मुलांचं काही खरं नाही. ‘व्याजदर वाढले आणि त्या बिजागरीवाल्याने हात वर केले, तर तुझ्या कंपनीचं काय?’ हे तुम्ही कुठून वाचून काढलंत? 

मुलाखतीत शब्द बदलायचे नाहीत, हे माझं ठरलं आहे. तुम्ही यावर “ब-बरं” म्हणालात. त्यासाठी तुम्हाला काय करावं लागलं असेल, याची मला कल्पना आहे.


२४ मे

बाबा,

पहिल्या ठिकाणाहून नकार आला. मुलाखतीलासुद्धा बोलावलं नाही. दोन दिवस मी मागच्या खोलीतच बसून होते. आईने समजावलं नाही, नुसती शेजारी बसून औषधांच्या पट्ट्यांवर तारखा तपासत राहिली. ते बरं वाटलं.

पण दुसऱ्या ठिकाणाहून बोलावणं आलं, तेच, जे एक्स्प्रेसने गळ्यात मारलं होतं. मुलाखत काल झाली, कॉम्प्युटरवर. मागच्या खोलीतली खोकी आईने चादरीने झाकली होती. समोर एक बाई, वयाने साधारण आईएवढ्या. त्या म्हणाल्या, आधी स्वतःचं नाव सांगा.

आणि अर्थातच मी नावावर अडकले. तोंड उघडं, आवाज बंद. पडद्यावर माझाच थिजलेला चेहरा मला दिसत होता. बाईंनी स्क्रीनजवळ वाकून बघितलं. म्हणाल्या, “तुमचं कनेक्शन गेलं वाटतं. माझा आवाज येतोय का?”

त्या बिचाऱ्यांना खरंच वाटलं, की नेट अडकलंय! वर्गातल्यांना सांगितलं तर गडाबडा लोळतील.

एक मार्ग सोपा होता. ‘हो, जरा गडबड आहे’ म्हणायचं आणि बंद करून परत लावायचं. तो सुचलाही. पण मी म्हटलं, “क-कनेक्शन ठीक आहे. मी अडखळते. मला थोडा वेळ लागतो, उत्तर मात्र पूर्ण देईन.”

त्या मागे रेलून बसल्या. “सावकाश,” म्हणाल्या. “मला घाई नाही.”

मग मी नाव सांगितलं. पुढे त्यांनी खोदून खोदून विचारलं. ती मधली वर्षं कुठे काढणार, त्या कर्ज देणाऱ्या कंपनीने तुम्हाला घेतलं नाही तर काय, आणि छोट्या कारखानदाराला पैसा हवाच असतो, पण परत करेल कशावरून? मी बिजागरीवाल्याचं सांगितलं. बऱ्याचदा अडले. एकदा तर ‘भांडवल’ म्हणताना इतकी अडले की बाईंनी पाणी पिऊन घेतलं. पण एकही शब्द बदलला नाही. अडखळणं ही माझी ताकद आहे, असलं काही मी म्हणाले नाही. ती कटकट आहे आणि कटकटच राहणार. मला त्यांना फक्त माझं म्हणणं सांगायचं होतं, आणि ते सांगून झालं.

निकाल काय लागायचा तो लागो. काल संध्याकाळी मी, आई आणि एक्स्प्रेस आईस्क्रीम खायला गेलो. ऑर्डर मी दिली.


१८ जून

बाबा,

फोनवर सगळं सांगून झालं, तरी कागदावर हवं म्हणून लिहिते. त्यांनी मला घेतलं. जागा राखून ठेवली आहे. दोन वर्षांनी जायचं. तोवर नोकरी त्याच कर्ज देणाऱ्या कंपनीत, पुढच्या महिन्यापासून.

आभार मानायचे म्हटले तर कोणाकोणाचे मानू? सर आहेत. पट्टेवाल्या काकू आहेत. त्यांचा पत्ता शोधून त्यांना सांगून आले, त्यांनी मला घट्ट जवळ घेतलं. एक्स्प्रेसला कुठेच जागा मिळाली नाही. तरी माझा निकाल तिनेच आधी उघडला आणि इतक्या जोरात ओरडली, की खालून आई धावत आली. एक्स्प्रेसने बँकेत नोकरी धरली आहे, पुढल्या वेळी नोकरदार म्हणून अर्ज करणार आहे. आईचं काय लिहू? तिने रुमाल टाकला म्हणून मला जागा मिळाली, असं ती सगळ्या गिऱ्हाइकांना सांगते आहे.

आणि तुम्ही. तुमचे आभार इथे नको. पदवीदान समारंभाला या. तिकीट काढायच्या खिडकीवर बोलावं लागू नये म्हणून मी इथूनच काढून पाठवणार होते. मग पाठवलं नाही.


१० जुलै

बाबा,

तुम्ही सुखरूप पोचलात, हे कळलं.

परवा गर्दीत धड बोलता आलं नाही. समारंभाच्या गेटवर पाहुण्यांची रांग होती आणि वहीवर नावं लिहून घेणारा माणूस वैतागलेला होता. तुमची पाळी आली. त्याने मान वर न करता विचारलं, “कोणाचे पाहुणे? विद्यार्थ्याचं नाव?”

मी तुमच्या शेजारीच उभी होते. तुम्ही मला नेहमी ‘बाळ’ किंवा ‘पोरी’ म्हणता. माझं नाव तुमच्या तोंडून मी तोवर कधी ऐकलेलंच नव्हतं. मला वाटायचं, ते लाडाने आहे.

तुम्ही सुरुवात केलीत आणि पहिल्याच अक्षरावर थांबलात. मागचे लोक चुळबुळायला लागले. त्या माणसाने मान वर केली, पेन टेकवलं, माझ्याकडे बघितलं. मी नाव सांगितलं असतं तर रांग पुढे सरकली असती. आई तुमच्या मागेच होती. तिचे ओठ हलले, मला दिसलं, पण तिने ते मिटून घेतले. मीही गप्प राहिले. तुम्ही डोळे मिटले नाहीत, मान खाली घातली नाहीत. आणि माझं नाव घेतलंत, आडनावासकट, अख्खं.

तो माणूस म्हणाला, “छान नाव आहे.” आणि लिहून घेतलं.

घरी परतताना आईने मला सांगितलं. मी झाले तेव्हा हे नाव तुम्हीच निवडलं होतंत. ती तुम्हाला म्हणाली होती, “अहो, तुम्हाला म्हणता येईल असं काहीतरी ठेवा.” तुम्ही पाटीवर लिहून उत्तर दिलं होतंत, ‘नाव तिला शोभायला हवं. माझी सोय कशाला बघायची?’

स्टेजवर माइकवरून माझं नाव घेतलं गेलं, टाळ्याही वाजल्या. मला ते फारसं आठवत नाही. गेटवरचं आठवतं.

तुमची लाडकी
(नाव तुम्हाला ठाऊक आहे. रविवारी फोनवर परत एकदा ऐकायचंय.)